शरीराची नोंदवही आणि आपली नोंदवही

(रुग्णालयाच्या वार्षिक सभेत विश्वस्त, देणगीदार व रुग्णांचे नातेवाईक यांच्यासमोर प्रशासकीय अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



प्रतिवर्षी या सभेत माझ्या वाट्यास येणारे काम ठरलेले असते. जमाखर्च, खाटांची संख्या, नव्या यंत्रसामग्रीचा तपशील आपणांसमोर मांडणे, हे ते काम. हा सर्व तपशील अहवालाच्या अखेरच्या पानांवर छापलेला आहे व लेखापरीक्षकांनी तो तपासलेला आहे. तो पुन्हा वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. यंदा मी अशा एका नोंदीविषयी बोलणार आहे, जी कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही, पण जी राहून गेली तर एखाद्या घरातील कर्ता माणूस जाऊ शकतो. ती नोंद म्हणजे केसपेपरवरील ‘ॲलर्जी’ या शीर्षकाचा एका ओळीचा रकाना.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, वैद्यक नाही. जे सांगणार आहे ते आपल्या डॉक्टरांकडून वेळोवेळी समजावून घेतलेले व त्यांनी तपासून दिलेले आहे. समजावून घेण्याची निकड मला का भासली, ते प्रथम सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पायाची जखम चिघळलेल्या एका गृहस्थांना त्यांच्या पत्नी सायंकाळी घेऊन आल्या. दाखल करून घेताना नेहमीप्रमाणे कागद भरले गेले. ॲलर्जीच्या रकान्यात ‘नाही’ असे लिहिले गेले. रात्री प्रतिजैविकाचे इंजेक्शन देण्यात आले. पाच-सात मिनिटांत त्यांच्या तळहातांना व घशाला खाज सुटली, अंगभर गांधी उठल्या, आवाज बसला, श्वास अडकू लागला आणि नाडी लागेनाशी झाली. रात्रपाळीच्या परिचारिकेने प्रकार तत्काळ ओळखला. रुग्णास सपाट झोपवून पाय उंच केले, मांडीच्या बाहेरील बाजूच्या स्नायूत ॲड्रिनॅलिनचे इंजेक्शन दिले, प्राणवायू व सलाईन सुरू केले आणि डॉक्टरांना हाक दिली. पाच मिनिटांनी दुसरे इंजेक्शन द्यावे लागले. ईश्वरकृपेने आणि त्या भगिनीच्या प्रसंगावधानाने ते गृहस्थ वाचले व बारा दिवसांनी आपल्या पायांनी घरी गेले.

दुसऱ्या दिवशी चौकशी झाली. त्यांच्या पत्नीने नोंदणीच्या खिडकीपाशी सांगितले होते, “ह्यांना कसलंसं इंजेक्शन सोसत नाही, मागं एकदा लई त्रास झाला होता.” खिडकीवरील कर्मचाऱ्याने ते ऐकले होते. औषधांची बाब डॉक्टरांनी लिहावयाची असते, अशी त्याची समजूत होती. वॉर्डात पोहोचेपर्यंत त्या बाईंना वाटले की आपण एकदा सांगितले आहे, म्हणजे ते लिहिले गेलेच असेल. रकाना रिकामा दिसू नये म्हणून पुढे कोणी तरी ‘नाही’ लिहिले. ती चूक औषधाची नव्हती, डॉक्टरांचीही नव्हती. ती नोंदीची चूक होती, आणि नोंदणी विभाग माझ्या अखत्यारीत येतो. त्या रात्रीची जबाबदारी मी माझ्यावरून दुसऱ्या कोणावर ढकललेली नाही.

तेव्हापासून मी डॉक्टरांना विचारू लागलो की, जे औषध हजारोंना वाचवते ते एखाद्यालाच का मारू पाहते? त्यांच्या उत्तराचा सारांश एका वाक्यात सांगतो. आपले शरीर स्वतःची नोंदवही ठेवते, आणि ॲलर्जी ही त्या वहीतील एका नोंदीचा परिणाम आहे.

आपल्या घरांत यासाठी जुने शब्द आहेत. एखाद्याला वांग्याचे वावडे असते, कोणाला मासळी बाधते, कोणाच्या अंगावर पित्त उठते. ‘ॲलर्जी’ हा शब्द मात्र १९०६ साली व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांनी घडविला. ग्रीक भाषेतील ‘वेगळे’ आणि ‘कार्य’ या अर्थांच्या दोन शब्दांपासून तो तयार झाला. त्या काळी घटसर्पाच्या मुलांना घोड्याच्या रक्तापासून केलेली रक्तलस टोचीत. पिर्के व त्यांचे सहकारी बेला शिक यांनी पाहिले की, काही मुलांना आठ-दहा दिवसांनी ताप येतो, सांधे दुखतात व अंगावर पुरळ उठते. त्याच मुलाला पुन्हा लस टोचली तर हाच त्रास अधिक लवकर होतो. लस तीच, मूल तेच. बदलले होते ते शरीराचे तिच्याशी वागणे.

त्याच सुमारास फ्रान्समध्ये शार्ल रिशे व पॉल पोर्तिए समुद्री जीवांच्या विषावर प्रयोग करीत होते. कुत्र्यांना विषाची अल्प मात्रा देऊन त्यांना विषाची सवय लागते का, हे त्यांना पाहावयाचे होते. पहिली मात्रा काही कुत्र्यांनी सहज सोसली. सुमारे तीन आठवड्यांनी तीच अल्प मात्रा पुन्हा देताच एक धट्टाकट्टा कुत्रा अर्ध्या तासाच्या आत मरण पावला. संरक्षणाऐवजी घात झाला, म्हणून त्यांनी १९०२ साली या प्रकारास ‘ॲनाफिलॅक्सिस’, म्हणजे संरक्षणाच्या उलट, असे नाव दिले. या कार्याबद्दल रिशे यांना १९१३ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या वॉर्डात त्या रात्री जे घडले त्याचे नाव हेच.

येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. पहिल्या वेळी बहुधा काहीच होत नाही. म्हणूनच “मागच्या वेळी हेच औषध दिले होते, तेव्हा काही झाले नाही” हे वाक्य पूर्ण निर्धास्त करणारे नसते. पहिल्या भेटीत शरीर फक्त नोंद करते, आणि ती नोंद पुढील भेटीत अंमलात येते.

ही नोंद होते कशी? आपल्या रक्तात प्रतिपिंडे नावाची प्रथिने असतात. जंतूंना ओळखून त्यांचा बंदोबस्त करणे हे त्यांचे काम. त्यांपैकी आयजीई नावाचा प्रकार रक्तात अत्यंत अल्प प्रमाणात असतो. १९२१ साली प्राउस्निट्झ व क्यूस्टनर या दोन वैद्यकांनी एक साधा प्रयोग केला. क्यूस्टनर यांना शिजवलेल्या माशांचे वावडे होते. त्यांच्या रक्तातील द्रव प्राउस्निट्झ यांच्या त्वचेत टोचला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला, तेव्हा तेथे गांध उठली. म्हणजे वावडे रक्तातील कोणत्या तरी पदार्थात होते आणि ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे नेता येत होते. तो पदार्थ हाती लागण्यास आणखी पंचेचाळीस वर्षे लागली. १९६६-६७ च्या सुमारास अमेरिकेत काम करणारे किमिशिगे व तेरुको इशिझाका हे जपानी दांपत्य आणि स्वीडनमधील योहान्सन व बेनिच यांनी स्वतंत्रपणे तो शोधला. १९६८ साली त्यास आयजीई हे नाव मिळाले.

ज्याचे शरीर एखाद्या निरुपद्रवी पदार्थास शत्रू समजते, त्याच्यात त्या पदार्थाविरुद्ध आयजीई तयार होते आणि मास्ट पेशी नावाच्या पेशींवर जाऊन बसते. या पेशी त्वचा, नाक, श्वासनलिका व आतडे यांत, म्हणजे शरीराच्या वेशीवर असतात. त्यांच्यात हिस्टामिन व तत्सम रसायने भरून ठेवलेली असतात. तोच पदार्थ पुन्हा आला की तो आयजीईला जोडला जातो आणि मास्ट पेशी आपला साठा एकदम मोकळा करतात. रक्तवाहिन्या सैलावतात, त्यांतील द्रव बाहेर झिरपतो, श्वासनलिका आवळतात. नाकात झाले तर शिंका, त्वचेत झाले तर गांधी. सर्व शरीरात एकाच वेळी झाले तर रक्तदाब कोसळतो व श्वास कोंडतो. ॲड्रिनॅलिन हे औषध या तिन्ही गोष्टी उलट फिरवते. ते रक्तवाहिन्या आवळते, श्वासनलिका सैल करते आणि मास्ट पेशींनाही आवर घालते. म्हणून ते पहिले औषध. बाकीची इंजेक्शने त्याच्यामागून येतात, त्याच्या जागी येत नाहीत.

सर्वच प्रकार असे मिनिटांत घडत नाहीत. १९६३ साली इंग्लंडमधील जेल व कूम्ब्स यांनी शरीराच्या या अतिसंवेदनशीलतेचे चार प्रकार मांडले. पुढील संशोधनाने त्यांत भर पडली असली, तरी आपल्यासारख्यांना समजण्यास ते आजही उपयुक्त आहेत.

पहिला प्रकार आताच सांगितला. तो आयजीईचा आणि मिनिटांचा. मधमाशीचा दंश, शेंगदाणे, कोळंबी, पेनिसिलिन ही त्याची परिचित उदाहरणे.

दुसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे थेट पेशींवर, विशेषतः रक्तपेशींवर, हल्ला करतात. आरएच निगेटिव्ह मातेच्या पोटी आरएच पॉझिटिव्ह बालक असेल, तर पहिले बाळ बहुधा सुखरूप जन्मते. प्रसूतीच्या वेळी त्याचे रक्त मातेच्या रक्तात मिसळते, तिच्या शरीरात नोंद होते आणि धोका दुसऱ्या बाळाला संभवतो. ही नोंदच होऊ नये म्हणून प्रसूतीनंतर बहात्तर तासांच्या आत मातेस अँटी-डी इंजेक्शन देतात. चुकीच्या गटाचे रक्त दिल्यास होणारा अनर्थ याच प्रकारातला. मात्र तेथे पहिल्या भेटीची आवश्यकता नसते, कारण रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडे शरीरात आधीपासूनच असतात. या बाबतीत एक उदाहरण आपल्या मुंबईचे आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे व त्यांच्या सहकाऱ्यांनी एक विरळा रक्तगट शोधला, तो आज जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत तो ‘ओ’ गटासारखा दिसतो, परंतु त्या व्यक्तीस ‘ओ’ गटाचे रक्तही चालत नाही. रक्त जुळवून पाहण्यास रक्तपेढीत वेळ का लागतो, अशी तक्रार कधी कधी येते. तो वेळ अशाच गोष्टींसाठी लागतो.

तिसऱ्या प्रकारात प्रतिपिंडे व बाहेरील पदार्थ यांची जाळी बनून ती रक्तवाहिन्यांत, सांध्यांत व मूत्रपिंडांत अडकतात. यास एक-दोन आठवडे लागतात. पिर्के यांनी मुलांमध्ये पाहिले ते हेच. आपल्या भागात सर्पदंशाचे रुग्ण येतात. त्यांना देण्यात येणारे प्रतिविष घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते. मुंबईच्या हाफकिन संस्थेचे नाव या कामाशी दीर्घकाळ जोडलेले आहे. प्रतिविषाने प्राण वाचतात, त्यास पर्याय नाही. तथापि रुग्ण बरा होऊन घरी गेल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी कधी कधी ताप येतो, सांधे धरतात, अंगावर पुरळ उठते. घरच्यांना वाटते की विष अंगात राहिले आणि मग मांत्रिकाचा शोध सुरू होतो. विष राहिलेले नसते. ही तिसऱ्या प्रकारची प्रतिक्रिया असते व साध्या औषधांनी ती आटोक्यात येते. म्हणून सर्पदंशाच्या रुग्णास घरी सोडताना ही गोष्ट आता आम्ही लिहून देतो.

चौथा प्रकार प्रतिपिंडांचा नसून टी पेशी नावाच्या पांढऱ्या पेशींचा आहे. यास दोन-तीन दिवस लागतात. बिब्ब्याने उतणारी त्वचा, खोट्या दागिन्यांतील निकेलने मानेवर उठणारे चट्टे, केसांच्या कलपाने सुजणारा चेहरा ही त्याची उदाहरणे. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम दिसलेले गाजरगवत देशभर पसरले आणि त्याच्या संपर्काने अनेक शेतकऱ्यांच्या चेहऱ्याची व हातांची त्वचा जाड, काळी व खाजरी झाली. त्या रोगाच्या मुळाशी प्रामुख्याने हाच प्रकार आहे.

आता चाचण्यांकडे वळतो. “ॲलर्जीची टेस्ट करा” असे नातेवाईक म्हणतात, तेव्हा अशी एकच चाचणी नसते, हे समजून घेणे आवश्यक आहे. ज्या प्रकारची प्रतिक्रिया, त्या प्रकारची चाचणी.

पहिल्या प्रकारासाठी त्वचेची टोचणी-चाचणी करतात. हाताच्या पुढील भागावर निरनिराळ्या अर्कांचे थेंब ठेवून प्रत्येक थेंबातून त्वचेस हलकेच टोचतात. शेजारी एक थेंब हिस्टामिनचा व एक साध्या खारट पाण्याचा ठेवतात. हिस्टामिनच्या जागी गांध उठलीच पाहिजे व पाण्याच्या जागी उठता कामा नये, तरच चाचणी ग्राह्य. पंधरा ते वीस मिनिटांनी गांधींचे माप घेतात. पाण्याच्या जागेपेक्षा किमान तीन मिलिमीटर मोठी गांध आल्यास ती सकारात्मक मानतात. हिशेबाच्या माणसाला ही पद्धत आवडावी अशीच आहे, कारण येथे प्रत्येक आकडा पडताळून पाहण्याची सोय आहे. खाजेच्या किंवा सर्दीच्या गोळ्या चालू असतील तर गांध उठतच नाही, म्हणून त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने काही दिवस आधी थांबवाव्या लागतात. त्वचेची चाचणी शक्य नसेल तेव्हा रक्तातील विशिष्ट आयजीई मोजता येते. प्रतिक्रिया घडून गेल्यावर ती खरोखर मास्ट पेशींची होती का, हे पाहण्यासाठी पहिल्या काही तासांत रक्त घेऊन ट्रिप्टेज नावाचा घटक मोजतात.

दुसऱ्या प्रकारासाठी रक्तपेढीतील जुळवणी व कूम्ब्स चाचणी. चार प्रकार मांडणारे कूम्ब्स हेच, आणि ही चाचणी त्यांनी सहकाऱ्यांसह १९४५ साली दिली. चौथ्या प्रकारासाठी पॅच चाचणी. संशयित पदार्थ पाठीवर पट्टीखाली अठ्ठेचाळीस तास ठेवून नंतर दोन वेळा त्वचा पाहतात. ही पद्धत यादास्सोन यांनी १८९५ साली सुरू केली. क्षयरोगासाठी होणारी मांटू चाचणी आपणांस ठाऊक आहे. तीही चौथ्या प्रकारच्या प्रतिक्रियेवरच आधारलेली आहे. म्हणून ती वाचण्यास अठ्ठेचाळीस ते बहात्तर तासांनी यावे लागते. “लगेच सांगा” असा आग्रह तेथे उपयोगाचा नाही.

मांटू चाचणीवरून आणखी एक गोष्ट समजते. ती सकारात्मक आली म्हणजे क्षयरोग झालाच असे नव्हे. शरीराची त्या जंतूशी ओळख झाली आहे, एवढेच ती सांगते. ॲलर्जीच्या चाचण्यांचेही तसेच आहे. रक्तात गव्हाविरुद्ध आयजीई सापडले, पण माणूस रोज पोळी खाऊन ठणठणीत असेल, तर पोळी बंद करण्याचे कारण नाही. रुग्णाची हकीकत आधी, चाचणी नंतर, हा क्रम आहे. याच कारणास्तव एक सावधगिरीची सूचना करतो. शेकडो अन्नपदार्थांची आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवर आधारलेली महागडी चाचणी करून घेऊन, त्या यादीप्रमाणे मुलांचे दूध, अंडी, डाळी बंद केलेले पालक आमच्याकडे येतात. आयजीजी हे बहुतांशी तो पदार्थ आपण खात असल्याचेच चिन्ह असते. ॲलर्जीच्या निदानासाठी ही चाचणी वापरू नये, असे युरोपातील तज्ज्ञ संस्थेने २००८ सालीच सांगितले आहे. तो पैसा मुलाच्या पोषणावर खर्च व्हावा, ही विनंती.

इंजेक्शनापूर्वी त्वचेत देण्यात येणाऱ्या ‘टेस्ट डोस’विषयीही स्पष्ट बोलले पाहिजे. पेनिसिलिनसाठी योग्य द्रव्ये वापरून केलेली त्वचाचाचणी उपयुक्त आहे. परंतु अनेक प्रतिजैविकांसाठी प्रमाणित चाचणी-द्रव्येच उपलब्ध नाहीत, आणि सर्पदंशावरील प्रतिविषाच्या बाबतीत अशी चाचणी करू नये, असेच मार्गदर्शक तत्त्वे सांगतात, कारण पुढे काय होईल ते ती सांगू शकत नाही. हातावर काही उठले नाही म्हणून निर्धास्त राहणे घातक ठरू शकते. खरे संरक्षण तीन गोष्टींत आहे. आधी हकीकत विचारणे, हाताशी ॲड्रिनॅलिन असणे आणि इंजेक्शनानंतर रुग्णावर लक्ष ठेवणे. २०२१ साली करोनाची लस घेतल्यावर आपण सर्व अर्धा तास खुर्चीवर बसून राहिलो होतो. ते बसणे याचसाठी होते.

आतापर्यंत मी राहून गेलेल्या नोंदीविषयी बोललो. नको असलेली नोंदही तितकीच महाग पडते. एक बारा वर्षांची मुलगी आपल्याकडे आली. सांध्यांतून हृदयाच्या झडपांकडे जाणारा संधिवाताचा ताप तिला पूर्वी येऊन गेला होता. तो पुन्हा येऊ नये यासाठी दर एकवीस दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन, हा सर्वांत खात्रीचा उपाय. तिच्या वडिलांनी जपून ठेवलेल्या जुन्या कागदावर लाल अक्षरांत ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लिहिले होते. म्हणून तिला पर्यायी गोळ्या दिल्या जात. त्या रोज घ्याव्या लागत. हंगामात आईवडील कामावर जात तेव्हा त्या चुकत. ताप पुन्हा आला आणि झडपेची हानी वाढली. आमच्या डॉक्टरांनी वडिलांना शांतपणे विचारले की, त्या वेळी नेमके झाले काय होते? उत्तर असे की, सुई पाहून मुलीला घेरी आली होती आणि तिला उलटी झाली होती. पुरळ नाही, सूज नाही, धाप नाही. तिला शहरातील मोठ्या रुग्णालयात पाठवून रीतसर चाचणी व देखरेखीखाली औषधाची मात्रा देण्यात आली. तिला पेनिसिलिनची ॲलर्जी नव्हती. आज ती दर एकवीस दिवसांनी येते. मात्र झडपेची जी हानी झाली ती भरून आली नाही.

हे एकाच मुलीपुरते नाही. अमेरिकेत सुमारे दहा टक्के लोकांच्या कागदांवर पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असते, आणि रीतसर तपासल्यावर त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक लोकांना ते औषध चालते, असे आढळले आहे. खरी ॲलर्जी असलेल्यांपैकीही सुमारे ऐंशी टक्के लोकांची ती दहा वर्षांत ओसरते. शरीर आपल्या वहीतील जुनी नोंद पुसते, आपला कागद मात्र ती जन्मभर वागवीत राहतो. अर्थात ही नोंद घरच्या घरी पुसावयाची नाही. ती तज्ज्ञांनीच तपासावी. आणि ज्यांच्या अंगावर औषधाने फोड येऊन कातडी सुटली, तोंड व डोळे सोलवटले, त्यांना ते औषध पुन्हा कधीही द्यावयाचे नाही, चाचणीसाठीसुद्धा नाही.

या दोन प्रसंगांनंतर आपल्या रुग्णालयात काही साधे बदल करण्यात आले. केसपेपरवर ‘ॲलर्जी नाही’ असे लिहिण्याची मुभा आता नाही. ‘विचारले, नाही’ असे लिहून विचारणाऱ्याने सही करावयाची आहे. नातेवाइकांनी कोणासही, अगदी खिडकीवरील लिपिकास किंवा वॉर्डातील मावशींना काही सांगितले, तरी ते लाल पानावर उतरलेच पाहिजे. त्यात औषधाचे नाव, काय झाले, किती वेळाने झाले आणि कधी झाले, हे चार मुद्दे असतात. क्ष-किरण विभाग व दंतविभाग यांसह इंजेक्शन दिले जाते अशा प्रत्येक ठिकाणी ॲड्रिनॅलिन ठेवलेले आहे व दरमहा त्याची मुदत तपासली जाते. परिचारिकांचा सराव ठरावीक काळाने घेतला जातो. आणि अशी प्रतिक्रिया येऊन गेलेल्या प्रत्येक रुग्णास घरी जाताना मराठीत लिहिलेले कार्ड दिले जाते.

नातेवाइकांना माझी हात जोडून विनंती आहे. ते कार्ड रेशनकार्डाइतके जपा आणि प्रत्येक दवाखान्यात आपणहून दाखवा. “कसलंसं इंजेक्शन” असे सांगावे लागू नये म्हणून जेथे त्रास झाला तेथून औषधाचे नाव लिहून घ्या, आणि एकदा सांगितले असले तरी पुन्हा सांगा. त्या रात्री त्या बाई एकदा बोलल्या होत्या, आम्ही ऐकले नाही. आपण पुन्हा बोललात तर आम्हांला राग येणार नाही. इंजेक्शनानंतर घशात खाज, अंगावर गांधी, धाप किंवा घेरी आल्यास रुग्णाला उठवून बसवू नका किंवा चालवू नका. त्याला आडवे ठेवून तत्काळ हाक मारा. आणि बरे वाटल्यावर लगेच घरी जाण्याची घाई करू नका, कारण काही तासांनी हा प्रकार पुन्हा उलटू शकतो.

देणगीदार बंधू-भगिनींनो, आपण दिलेल्या निधीतून उभी राहिलेली यंत्रे आपणांस दिसतात, त्यांवर आपल्या वडीलधाऱ्यांची नावे कोरलेली असतात. लाल पानावर, ॲड्रिनॅलिनच्या कुपीवर, परिचारिकांच्या सरावाच्या तासावर नाव कोरता येत नाही. त्या कुपीची किंमत अगदी स्वल्प आहे. ती रात्री दोन वाजता योग्य जागी व मुदतीतील असावी आणि ती केव्हा वापरावयाची हे जाणणारे माणूस तेथे असावे, यासाठी मात्र वर्षभर खर्च येतो. ‘सर्वसाधारण निधी’ या नावाने आपण जे देता ते येथे येते. ते गृहस्थ आज हयात आहेत, ते त्या निधीमुळेही आहेत.

त्यांच्या पत्नी गेल्या वर्षी त्यांना घेऊन तपासणीस आल्या होत्या. खिडकीपाशी नाव सांगण्याआधीच त्यांनी कार्ड पुढे केले. लिपिकाने ते वाचले, लाल पानावर लिहिले, आणि लिहिलेले त्यांना वाचून दाखवले. आम्ही एवढे शिकलो, हे आपणांस सांगावे म्हणून आज उभा राहिलो.